डीव्हीआर बाहेर कोणाशी बोलतो? पॅकेट कॅप्चरने धोका ओळखण्याविषयी

पतसंस्था, महाविद्यालये, दवाखाने आणि सीए मंडळींची कार्यालये अशा लहान नेटवर्कची देखभाल हे माझे काम आहे. अशा ठिकाणी सुरक्षेची चर्चा बहुतेक वेळा अँटिव्हायरसच्या नूतनीकरणापासून सुरू होते आणि फायरवॉलच्या किमतीपाशी थांबते. या दोन्ही गोष्टी हव्यातच. परंतु ज्या यंत्रावर अँटिव्हायरस बसवताच येत नाही त्या यंत्राचे काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारते. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र, नेटवर्क प्रिंटर, वायफायचा राउटर यांतल्या प्रत्येकात एक लहानसा संगणक असतो आणि त्याच्या आत काय चालले आहे हे पाहण्याची सोय मालकाला सहसा दिलेली नसते. त्या यंत्राने तारेवरून काय पाठवले आणि त्याला काय उत्तर आले, एवढेच बाहेरून पाहता येते. पॅकेट कॅप्चरचे, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे (पॅकेट) पकडून नोंदवून ठेवण्याचे, महत्त्व मला सर्वांत जास्त जाणवते ते इथे.

ज्या यंत्राचा संशय आहे त्याच यंत्राच्या नोंदींवर विसंबू नये, हे तत्त्व जुने आहे. 1986 मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराच्या हिशेबात 75 सेंटचा फरक आला, आणि क्लिफर्ड स्टॉल यांनी त्याचा माग काढताना घुसखोराच्या प्रत्येक कृतीची नोंद घेण्यासाठी थेट येणाऱ्या लाइनींनाच प्रिंटर जोडले. संगणकावरची नोंद घुसखोराला पुसता आली असती. कागदावर उमटलेली ओळ त्याच्या हाताबाहेर होती. त्याच प्रयोगशाळेत दोन वर्षांनी व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी टीसीपीडम्प हे पॅकेट पकडण्याचे साधन लिहिले. आज लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर ते सहज मिळते. वायरशार्क हे त्यानंतरचे. जेराल्ड कोम्ब्स यांनी 1998 मध्ये ते इथेरियल या नावाने प्रसिद्ध केले आणि 2006 मध्ये त्याचे नाव बदलले. माझ्या कामात या दोघांची विभागणी स्पष्ट आहे: पॅकेट पकडण्याचे काम टीसीपीडम्पचे, आणि पकडलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर नेऊन वाचण्याचे काम वायरशार्कचे. वायरशार्कमध्ये शेकडो प्रोटोकॉलचा (यंत्रांच्या संभाषणाच्या नियमांचा) अर्थ लावणारा कोड असतो आणि त्यात वेळोवेळी त्रुटी सापडत आल्या आहेत; म्हणून सर्वाधिकार देऊन ते सर्व्हरवर चालवणे योग्य नाही.

साधन निवडण्यापेक्षा जागा निवडणे कठीण असते. स्विचच्या, म्हणजे कार्यालयातल्या तारा जिथे एकत्र येतात त्या यंत्राच्या, एखाद्या पोर्टला (तार जोडण्याच्या जागेला) लॅपटॉप जोडून वायरशार्क सुरू केले तर त्या लॅपटॉपचे स्वतःचे पॅकेट आणि सर्वांना उद्देशून पाठवलेले ब्रॉडकास्ट एवढेच दिसते, कारण स्विच प्रत्येक पॅकेट ज्याचे त्यालाच पोहोचवतो. डीव्हीआरचे संभाषण पाहायचे असेल तर स्विचवर मिरर पोर्टची मांडणी करावी लागते, म्हणजे एका पोर्टवरची दोन्ही दिशांची रहदारी दुसऱ्या पोर्टवर प्रतीच्या रूपाने मिळते. इथे एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. 1 गिगाबिटच्या पोर्टवर दोन्ही दिशा भरून वाहत असतील तर एकूण रहदारी 2 गिगाबिट होते, आणि ती 1 गिगाबिटच्या मिरर पोर्टमध्ये मावत नाही. उरलेली पॅकेट स्विच गुपचूप टाकून देतो. टीसीपीडम्प शेवटी स्वतःकडून निसटलेल्या पॅकेटांची संख्या सांगते, पण स्विचनेच जी दिली नाहीत त्यांची खबर त्याला नसते. जे पॅकेट कॅप्चरमध्ये कधी दिसलेच नाही त्याची पोच समोरच्याने दिली आहे, असा शेरा वायरशार्क वारंवार देऊ लागले, तर नेटवर्कवर संशय घेण्याआधी कॅप्चरची मांडणी तपासावी.

दुसरा प्रश्न राउटरच्या आत की बाहेर, हा असतो. बाहेरच्या बाजूने पकडले तर कार्यालयातल्या सर्व यंत्रांचा पत्ता एकच, म्हणजे राउटरचा, दिसतो. काहीतरी गैर घडते आहे हे कळते. कोण करते आहे हे कळत नाही. म्हणून मी कॅप्चर नेहमी राउटरच्या आतल्या बाजूला, पत्त्यांची अदलाबदल होण्याच्या आधी ठेवतो.

आता डीव्हीआरकडे वळतो, कारण पॅकेट किती नेमकी साक्ष देऊ शकते याचे मिराईइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. 2016 मध्ये पसरलेला हा मालवेअर कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधत असे, आणि 60हून अधिक ठरावीक नाव-पासवर्ड जोड्या टेलनेट या दुरून यंत्रात शिरण्याच्या जुन्या सोयीवरून वापरून पाहत असे. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अशा यंत्रांच्या झुंडीने डाइन (Dyn) या कंपनीच्या डीएनएस सेवेवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठी संकेतस्थळे अनेकांना काही तास उघडता आली नाहीत. त्याआधीच मिराईचा मूळ कोड त्याच्या लेखकाने उघड केला होता. त्यामुळे तो काय करतो हे सर्वांना वाचता आले, आणि त्यातूनच पुढे त्याची असंख्य भावंडे जन्माला आली.

त्या कोडमध्ये एक बारीक गोष्ट आहे. टीसीपी या इंटरनेटवरच्या नेहमीच्या पद्धतीने संभाषण सुरू करणाऱ्या पहिल्या सिन पॅकेटमध्ये 32 बिटांचा अनुक्रमांक असतो आणि तो अंदाज न करता येण्याजोगा असावा अशी अपेक्षा असते. मिराईला मात्र एकाच वेळी हजारो पत्त्यांवर ठोठावायचे होते आणि कोणाला काय पाठवले हे लक्षात ठेवण्याची त्याची तयारी नव्हती. म्हणून त्याच्या लेखकाने ज्याला पॅकेट पाठवायचे त्याचा आयपी पत्ताच अनुक्रमांकाच्या जागी घातला. आयपीचा पत्ताही 32 बिटांचाच असतो. उत्तर आले की त्यात हा आकडा एकने वाढून परत येतो, त्यामुळे ते आपल्याच पॅकेटचे उत्तर आहे हे कोणतीही यादी न ठेवता ओळखता येते. लेखकाची सोय झाली, पण त्या सोयीचा ठसा प्रत्येक पॅकेटवर उमटला. नीट वागणाऱ्या यंत्राच्या एखाद्या पॅकेटमध्ये हे दोन आकडे योगायोगाने सारखे येण्याची शक्यता सुमारे 429 कोटींत एक इतकी आहे. एका यंत्राकडून अशी पाच पॅकेट लागोपाठ निघालेली दिसली, तर शंकेला जागा उरत नाही.

टीसीपीडम्पच्या फिल्टरमध्ये ही तुलना एका ओळीत लिहिता येते: टीसीपी हेडरच्या (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीच्या) चौथ्या बाइटपासूनचे चार बाइट आणि आयपी हेडरच्या सोळाव्या बाइटपासूनचे चार बाइट सारखे असतील तेवढीच पॅकेट दाखवा. बाइटांची मोजणी शून्यापासून सुरू होते, हे लक्षात ठेवावे. हा फिल्टर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच चालतो, त्यामुळे जुन्या संगणकावरही त्याचा भार जाणवत नाही. वायरशार्कमध्ये मात्र नवख्या माणसाची हमखास फसगत होते. ते वाचकाच्या सोयीसाठी अनुक्रमांक सापेक्ष करून दाखवते, म्हणजे प्रत्येक संभाषणाची सुरुवात शून्यापासून झालेली दिसते आणि मिराईचा ठसा पडद्यावरून नाहीसा होतो. तिथे मूळ अनुक्रमांकाची ओळ उघडून खालच्या चौकटीतले बाइट प्रत्यक्ष पत्त्याच्या बाइटांशी ताडून पाहावे लागतात. त्याचबरोबर पोर्टही पाहावेत (इथे पोर्ट म्हणजे स्विचवरची जागा नव्हे, तर समोरच्या यंत्रातली कोणती सेवा हवी ते सांगणारा क्रमांक): बहुतेक पॅकेट 23कडे आणि दहातले एखादे 2323कडे जाते, आणि सापडलेले पासवर्ड पुढे कळवण्यासाठी मूळ मिराई 48101 हा पोर्ट वापरत असे.

जागेच्या निवडीचा मुद्दा इथे पुन्हा येतो. मिराईचा कोड खासगी पत्ते मुद्दाम वगळतो, तसेच अमेरिकेचे टपाल खाते, संरक्षण खाते आणि काही मोठ्या कंपन्यांचे पत्तेही टाळतो. म्हणजे बाधित डीव्हीआर शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला स्पर्शही करत नाही. कार्यालयातले काम सुरळीत चालू असते, फार तर इंटरनेट थोडे मंद झाल्याची तक्रार येते, आणि ठोठावणे सर्व बाहेरच्या दिशेने चाललेले असते. याच्या उलट 12 मे 2017 रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या मालवेअरने बाहेरच्या पत्त्यांबरोबर आपल्याच नेटवर्कमधल्या यंत्रांच्या 445 पोर्टवर हल्ला केला. हा आतला हल्ला एका स्विचवरच्या दोन यंत्रांत चालतो आणि राउटरजवळच्या कॅप्चरमध्ये उतरतही नाही. ज्या धोक्याची काळजी आहे तो कोणत्या तारेवरून जाईल, हे आधी ठरवावे आणि मगच मिरर पोर्ट निवडावा.

डीव्हीआर बाधित निघाला की पुढचे काम सोपे असले तरी क्रम महत्त्वाचा असतो. मिराई केवळ मेमरीत राहतो, त्यामुळे यंत्र बंद करून सुरू केले की तो जातो. पण पासवर्ड तोच राहिला आणि टेलनेट बाहेरून उघडे राहिले, तर अगदी थोड्या वेळात तो परत येतो. म्हणून आधी तार काढावी, मग यंत्र पुन्हा सुरू करावे, पासवर्ड बदलावा, राउटरवर बाहेरून आत येणारे पोर्ट बंद करावेत आणि नंतरच तार जोडून पुन्हा कॅप्चर घ्यावे. मोबाइलवर कॅमेरे पाहता यावेत म्हणून बसवणाऱ्याने जे पोर्ट उघडून दिलेले असतात त्यांची यादी बहुतेक संस्थांकडे नसते, आणि मला हीच गोष्ट सर्वाधिक अस्वस्थ करते.

असे ठळक ठसे मात्र थोड्याच धोक्यांना असतात. बाकीच्यांसाठी आपल्या नेटवर्कचा नेहमीचा दिवस कसा असतो हे माहीत असावे लागते. मी नव्या ठिकाणी काम घेतो तेव्हा काहीही संशय नसताना, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या रात्री, कॅप्चर घेऊन ठेवतो आणि प्रत्येक यंत्र कोणाशी, कोणत्या पोर्टवर, किती वेळाने बोलते याची टिपणे काढतो. हजेरीचे यंत्र दिवसातून ठरावीक वेळी आपल्या सर्व्हरशी बोलते. प्रिंटरने बाहेरच्या देशातल्या पत्त्याकडे काही पाठवण्याचे कारण नसते. कारकुनाच्या संगणकाने एका मिनिटात दोनशे शेजाऱ्यांचा 445 पोर्ट तपासण्याचे तर मुळीच नसते. ही टिपणे नसतील तर कॅप्चरमधली लाखो पॅकेट सारखीच निरुपद्रवी, किंवा सारखीच संशयास्पद दिसतात.

आता सगळेच एन्क्रिप्टेड झाले, मग पॅकेट पाहून काय कळणार, असे मला वारंवार विचारले जाते. मजकूर कळत नाही, हे खरे आहे. 2018च्या टीएलएस 1.3नंतर (टीएलएस म्हणजे संकेतस्थळांशी होणारे संभाषण एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) तर सर्व्हरचे प्रमाणपत्रही झाकले जाते. तरीही कोण कोणाशी, किती वाजता, किती बाइट, कोणत्या दिशेने बोलले हे उघडे राहते, आणि बहुतेक जोडण्यांमध्ये हव्या असलेल्या सर्व्हरचे नावही पहिल्या संदेशात वाचता येते. घुसखोराने आत ठेवलेला प्रोग्राम आपल्या मालकाला ठरावीक काळाने हाक मारत राहतो. कोबाल्ट स्ट्राइक या हल्लेखोरांच्या आवडत्या साधनात मूळ मांडणी 60 सेकंदांची असते. जाणकार हल्लेखोर त्या अंतरात थोडा फरक मिसळतो, परंतु रात्री दोन वाजता, कार्यालयात कोणी नसताना, एकाच पत्त्याकडे सारख्याच आकाराची पॅकेट तासन्‌तास जात असतील तर थोड्याफार फरकाने ती लय लपत नाही. वायरशार्कमधला काळानुसार रहदारीचा आलेख अशा वेळी हजार ओळी वाचण्यापेक्षा अधिक सांगतो. अर्थात अद्ययावतीकरण करणारे आणि वेळ जुळवणारे प्रामाणिक प्रोग्रामही ठरावीक काळाने बोलतात. म्हणून पुन्हा टिपणांकडेच यावे लागते.

डीएनएसकडे मी विशेष लक्ष देतो, कारण अनेक ठिकाणी फायरवॉल सर्व काही अडवते पण डीएनएस सोडते. डीएनएसला विचारल्या जाणाऱ्या नावाच्या एका भागात 63 अक्षरे आणि संपूर्ण नावात 255 बाइट बसतात. चोरलेली माहिती तुकडे करून या नावांतूनच बाहेर नेता येते, कारण विचारलेले नाव शेवटी त्या डोमेनच्या मालकाच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतेच. कॅप्चरमध्ये हे कसे दिसते? एकाच डोमेनखाली न संपणारी, अर्थहीन अक्षरांची, एकदाच विचारली जाणारी लांबलचक नावे. 2020च्या डिसेंबरमध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात सनबर्स्ट या मालवेअरने बाधित संस्थेच्या अंतर्गत डोमेनचे नाव सांकेतिक रूपात एका उपडोमेनमध्ये घालून आपल्या मालकाला कळवले होते, आणि त्याआधी तो दोन आठवड्यांपर्यंत काहीही न करता थांबत असे.

हे दोन आठवडे मला महत्त्वाचे वाटतात, कारण सर्व पॅकेट इतके दिवस साठवणे बहुतेकांना परवडत नाही. सरासरी 20 मेगाबिट वेगाने वाहणारी जोडणी दिवसाला 216 गिगाबाइट होते. 1 गिगाबिटची भरलेली जोडणी 10.8 टेराबाइट. म्हणून पूर्ण कॅप्चर मी ठरावीक आकाराच्या फाइलींत फिरते ठेवतो, म्हणजे जागा भरली की सर्वांत जुनी फाइल आपोआप पुसली जाते, आणि तिच्या जोडीला झीक चालवतो. व्हर्न पॅक्सन यांनी 1995 मध्ये बर्कलीच्याच प्रयोगशाळेत ब्रो या नावाने सुरू केलेले हे साधन प्रत्येक जोडणीची, प्रत्येक डीएनएस प्रश्नाची एकेका ओळीत नोंद ठेवते. पतसंस्थेच्या लोकांना मी ते रोजकीर्दीचे उदाहरण देऊन समजावतो: प्रत्येक नोटेचा क्रमांक तिथे नसतो, पण कोणी कोणाला केव्हा किती दिले हे असते. या नोंदी महिनोन्‌महिने ठेवता येतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपणे, ठरावीक प्रकारच्या घटना 6 तासांत कळवणे आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे अपेक्षित आहे. यांतली घड्याळाची अट अनेकांना किरकोळ वाटते. मला ती सर्वांत उपयोगी वाटते, कारण कॅप्चरमधली वेळ आणि फायरवॉलच्या नोंदीतली वेळ चार मिनिटांनी वेगळी असेल, तर दोन्हींचा मेळ घालताना तपास करणाऱ्याचे तास वाया जातात.

कधी कधी धोका आलेल्या पॅकेटमध्ये नसून न आलेल्या पॅकेटमध्ये असतो. 2018च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेल्या हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले. 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार त्या विनंत्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचत नव्हत्या, मध्ये उभ्या केलेल्या बनावट स्विचकडूनच (इथे स्विच म्हणजे एटीएमच्या विनंत्या बँकेपर्यंत नेणारी प्रणाली) त्यांना मंजुरी मिळत होती. बाहेरच्या तपासकर्त्यांइतकी माहिती माझ्याकडे नाही आणि केवळ कॅप्चरने तो हल्ला थांबला असता असे मी म्हणणार नाही. परंतु त्यानंतर दोन जागी मोजण्याची सवय मी लावून घेतली: बाहेरून जेवढ्या विनंत्या आत आल्या, जवळजवळ तेवढ्याच आतल्या सर्व्हरपर्यंत गेल्या का? या मोजणीला मजकूर उलगडण्याची गरज नसते.

खोट्या इशाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. ज्या यंत्रावर कॅप्चर घेतले त्याच यंत्राकडून निघालेल्या पॅकेटांचे चेकसम (मजकूर वाटेत बिघडला नाही ना हे तपासण्याचे आकडे) चुकीचे दिसतात, कारण ते भरण्याचे काम पुढे नेटवर्क कार्डावर होते. त्याच कारणाने 1500 बाइटांपेक्षा मोठी पॅकेटही दिसतात. हा हल्ला नव्हे. तसेच लिनक्सवर येणारे पॅकेट टीसीपीडम्पला स्थानिक फायरवॉलच्या आधी मिळते, त्यामुळे ते कॅप्चरमध्ये दिसले म्हणून आतल्या प्रोग्रामपर्यंत पोहोचले असे होत नाही. 2022 मध्ये चर्चेत आलेल्या बीपीएफडोअर या मालवेअरने याच गोष्टीचा फायदा घेतला होता. टीसीपीडम्प ज्या प्रकारचा फिल्टर वापरते तसाच फिल्टर लावून तो एकही पोर्ट न उघडता विशिष्ट पॅकेटची वाट पाहत बसे, आणि फायरवॉलने अडवलेले पॅकेटही त्याला ऐकू येत असे. उघडे पोर्ट तपासणाऱ्याला त्याचा पत्ता लागणे कठीण. वेगळ्या यंत्रावर घेतलेल्या कॅप्चरमध्ये मात्र त्याला आलेली हाक दिसू शकते.

शेवटचा मुद्दा परवानगीचा. कॅप्चरच्या फाइलीत लोकांची खासगी माहिती असते: कोणी कोणते संकेतस्थळ पाहिले, कोणाला कोणत्या आजाराची चौकशी करायची होती, आणि जुन्या प्रोग्राममध्ये तर उघडे पासवर्डही. 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43नुसार मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरणे किंवा तिथली माहिती उतरवून घेणे हे दायित्व ओढवणारे कृत्य आहे. मी संस्थेच्या सचिवांकडून लेखी परवानगी घेतो, त्यात कोणत्या पोर्टवर, किती दिवस आणि कोणत्या कारणासाठी हे लिहून घेतो, आणि कर्मचाऱ्यांना तशी सूचना लावायला सांगतो. प्रश्न फक्त डीव्हीआरचा असेल तर फिल्टरही फक्त डीव्हीआरच्या पत्त्याचा लावतो. मजकुराची गरज नसेल तेव्हा प्रत्येक पॅकेटचे पहिले 96 बाइटच उतरवतो. मिराईचा ठसा, पोर्ट, वेळ आणि आकार एवढ्यात व्यवस्थित बसतात. डीएनएसची लांब नावे हवी असतील तरच ही मर्यादा वाढवतो. फाइल एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर राहते, आणि काम संपल्यावर ती पुसल्याची नोंद सचिवांच्या सहीने त्याच परवानगीच्या कागदावर केली जाते.